फिरेन्झेचा सोमवार

रोमच्या तेर्मिनी स्थानकात गाड्यांच्या पाटीखाली उभं राहून आम्ही नवरा-बायको पाच-सात मिनिटं ‘फ्लॉरेन्स’ शोधत होतो. ते नाव पाटीवर नव्हतंच. फ्लॉरेन्स हे परक्यांच्या तोंडचं नाव; इटलीत त्या गावाला फिरेन्झे म्हणतात. तसंच व्हेनिसचं व्हेनेत्सिया आणि नेपल्सचं नापोली. फिरेन्झे शोधूनही उपयोग झाला नसता, कारण गाडी लागते शेवटच्या स्थानकाच्या नावाने आणि आमची पुढे मिलानोला जाणार होती. म्हणून पहिली गोष्ट ही, की तिकिटावरचा गाडी क्रमांक पाठ करायचा आणि पाटीवर तोच हुडकायचा. फलाटाला तिथे ‘बिनारिओ’ म्हणतात. त्याचा आकडा गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी उमटतो आणि मग बॅगांची चाकं खडखडवत सगळा जमाव एकाच दिशेने निघतो. दादरला सवय झालेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

रोम ते फिरेन्झे वेगवान गाडीने साधारण दीड तास. या मार्गावर दोन प्रतिस्पर्धी आहेत, सरकारी ‘त्रेनितालिया’ आणि खासगी ‘इतालो’. दोघांचे दर विमानासारखे वरखाली होतात. दोन-तीन महिने आधी काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण सगळ्यात स्वस्तातलं तिकीट बदलता येत नाही, हे लक्षात ठेवून वेळ ठरवावी. ‘रेजिओनाले’ म्हणजे आपली पॅसेंजर. तिचा दर ठरलेला, आरक्षणाची भानगड नाही; फिरेन्झेहून पीसाला तासाभरात नेऊन सोडते. तिचं कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का उठवून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होतो.

उतरायचं ते ‘सांता मारिया नोव्हेला’ला. काही गाड्या काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदी या बाजूच्या स्थानकांवरच थांबतात. तिकीट काढताना ‘एस. एम. एन.’ ही अक्षरं बघितली नाहीत तर गावाच्या कडेला उतरून पुन्हा गाडी पकडावी लागते. सांता मारिया नोव्हेला हे आपल्या सीएसएमटीसारखं टर्मिनस आहे. रूळ इथे संपतात. पुढे जाणारी गाडी ज्या तोंडाने आली त्याच्या उलट्या तोंडाने निघते. तीस सालानंतरच्या दशकात जोव्हान्नी मिकेलुच्ची आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी हे स्थानक बांधलं, 1935 साली ते सुरू झालं. समोर मध्ययुगीन चर्च, त्याच्याशी स्पर्धा नको म्हणून इमारत बुटकी, आडवी आणि त्याच तपकिरी दगडाची ठेवली आहे. पर्यटक बॅगा सावरत तिच्याखालून निघून जातात आणि वर बघत नाहीत. मला विचाराल तर गावातली पहिली बघण्याजोगी गोष्ट तीच.

गाडीने येण्याचा फायदा इथे लगेच कळतो. जुन्या गावात बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे, आणि स्थानकातून कॅथीड्रलपर्यंत पायी दहा मिनिटं लागतात. त्यापुढे आर्नो नदी आणि तिच्यावरचा पोंते व्हेक्यो आणखी तेवढाच. हा पूल 1345 चा. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. 1593 मध्ये इथल्या मेदिची राजघराण्यातल्या ड्यूकने त्यांना हटवून सोनारांना बसवलं, ते अजून तिथेच आहेत. 1944 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने नदीवरचे बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक ठेवला.

आता आमची चूक. महिनाभर वह्या भरून आखणी केली, गाड्या जुळवल्या, हॉटेल स्थानकाजवळ घेतलं आणि पोचलो सोमवारी. सोमवारी उफीत्सी हे चित्रसंग्रहालय बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया बंद. नदीपलीकडचा पित्ती राजवाडा बंद. कॅथीड्रलच्या घुमटावर जायला लिफ्ट नाही, 463 पायऱ्या; त्यांची आम्हा दोघांच्या गुडघ्यांना हौस होती, पण चढायची वेळ आधीच राखून ठेवावी लागते आणि त्या दिवसाच्या वेळा संपल्या होत्या. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात जमिनीपासून आधाराची लाकडी कमान न उभारता विटांचा हा घुमट बांधला. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत तो बघितला आणि म्हटलं, असो.

असो म्हणून स्थानकासमोरच्या चर्चमध्ये शिरलो, ज्याचं नाव स्थानकाने घेतलं आहे. तिथे डाव्या भिंतीवर मसाच्चोचं ‘त्रिनिता’ हे भित्तिचित्र आहे, 1427 च्या आसपासचं. सपाट भिंत, पण नीट अंतरावर उभं राहिलं की तिच्यात कमानीची एक खोल खोली दिसते आणि आत जाता येईल असं वाटतं. खाली एक सांगाडा रंगवलेला आहे. भूमितीने काढलेला खोलीचा असा अचूक भास असलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी हे एक. बायको दोन पावलं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. रखवालदार हसत होता. हा प्रकार तो रोज बघत असणार.

जेवायला रिबोल्लीता मागवलं. नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेलं’. शिळा पाव, घेवडा आणि काळसर पानांची कोबी यांचं घट्ट सार, आपल्या दुसऱ्या दिवशीच्या आमटीसारखं मुरलेलं. सोबतचा पाव अळणी. आम्हाला वाटलं भटारी मीठ विसरला; तर तोस्कानात पाव अळणीच करतात. कॉफी मात्र गल्ल्यापाशी उभ्यानेच प्यावी. बसलात की त्याच कपाचे जास्त पैसे.

तेवढ्यात कोल्हापूरहून सासऱ्यांचा फोन. म्युझियमं बंद असल्याचं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्युझियम कुठं पळून जात न्हाईत, जावईबापू. आधी महाराजांच्या छत्रीला जाऊन या.”

ही छत्री आमच्या वहीत तिसऱ्या दिवशी, तेही ‘वेळ उरल्यास’ अशा खुणेने होती. स्थानकाजवळून ट्राम घेतली आणि काशीने बागेपाशी उतरलो. नाव ‘काशीने’, सासऱ्यांना कळवलं तर भलताच अर्थ काढतील म्हणून गप्प राहिलो. प्रत्यक्षात ही मेदिचींची गाईगुरांची जागा, आता आर्नोच्या काठाने सुमारे साडेतीन किलोमीटर पसरलेली सार्वजनिक बाग. छत्री तिच्या पार दुसऱ्या टोकाला. पळणारी मंडळी, बाबागाड्या, मग नुसती झाडं. बागेत दर मंगळवारी बाजार भरतो, पण आज सोमवार, सगळं निवांत होतं.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1866 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले. परतताना या गावात आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. वय अवघं वीस. फिरेन्झे त्या वेळी इटलीची राजधानी होती. अशा कॅथलिक शहरात चितेची प्रथा कुठली! खास परवानगी काढावी लागली आणि आर्नोला जिथे मुन्योने नावाचा ओढा मिळतो तिथे, म्हणजे संगमावर, हिंदू पद्धतीने दहन झालं. आपल्याकडे पंचगंगेच्या काठी राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांच्यातली एक एवढ्या लांब येऊन पडली आहे असं वाटतं. महाराजांची इंग्लंड दौऱ्याची इंग्रजी रोजनिशी त्यांच्यामागे, 1872 मध्ये, छापली गेली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

खांबांवर पेललेली, चारी बाजूंनी उघडी छत्री 1874 ची. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा, ज्याने कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. डोक्याला पगडी, गळ्यात माळा, आणि चेहरा इतका कोवळा की ‘महाराज’ म्हणताना जीभ अडखळते. बायकोचं माहेर शिवाजी पेठेतलं. तिने चपला काढल्या. माझ्याही काढायला लावल्या. सायकलवरून चाललेला एक म्हातारा थांबला, आमच्याकडे बघून “इंदियानो?” म्हणाला आणि पुतळ्याकडे बोट केलं. आम्हाला विचारत होता की त्यांच्याबद्दल सांगत होता, कळलं नाही. दोन्हीला उत्तर एकच, मान हलवली.

गावातल्या लोकांनी हे स्मारक कधीच आपलं करून टाकलंय. या भागाला ते ‘इंदियानो’च म्हणतात. शेजारून जाणारा तारांनी पेललेला मोठा पूल 1978 मध्ये खुला झाला, त्याचंही नाव पोंते आल्इंदियानो. वरून ट्रक धडधडत जातात. ट्रकवाल्यांना कोल्हापूर कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही, पण वाहतुकीच्या बातम्यांत आमच्या महाराजांचा पूल येत असणार, या विचाराने सासरे फोनवर भलतेच खूष झाले. फूल वाहिलं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. बागेत सोमवारी फुलवाला नव्हता. बायकोने प्लेन वृक्षाची दोन पानं ठेवली होती, ती मी सांगितली नाहीत.

परतताना तेच तीन किलोमीटर. ट्राममध्ये बसून आम्ही वही काढली आणि दुसऱ्या दिवसाचा बेत बदलला. उफीत्सी या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. 1560 मध्ये कोझिमो मेदिचीने वाझारीकडून सरकारी कामासाठी ही इमारत बांधायला घेतली, चित्रं नंतर आली. आणि ती इथेच राहिली याचं श्रेय घराण्यातल्या शेवटच्या बाईला, आन्ना मारिया लुईझाला. घराण्याने जमवलेल्या या कलावस्तू शहराबाहेर न्यायच्या नाहीत, असा करार तिने 1737 मध्ये नव्या राज्यकर्त्यांकडून लिहून घेतला. सासरे हे ऐकून म्हणाले, “बाई शहाणी.”

मंगळवारी सकाळी सव्वाआठला आम्ही मेदिचींच्या कचेरीच्या दारात होतो. तिकिटं आदल्या रात्रीच काढली होती. रांग होतीच.