छोटा हत्ती उचलताना

पुण्याजवळच्या ताथवड्यात हमरस्त्याला लागून पंक्चरवाला सापडतो, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलेलं चाक त्याच्यापर्यंत जाणार कसं? टाटा मोटर्सने 2005 मध्ये आणलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, घरी जॅकने उचलता येतो. घाई मात्र नको.

जागा सपाट आणि कडक हवी. पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खचतात, म्हणून जॅकखाली जाड फळी घाला. हँडब्रेक ओढा. नुसत्या गिअरवर विसंबू नका: मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावाच.

नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावून नट सुटत नाही, बोल्ट तुटतो. जॅक गाडी उचलतो, तोलून धरत नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं की गाडी खाली येते, तेव्हा स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नका. स्टेपनी चढवून नट समोरासमोरचे आवळा, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. (‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला.)

मोठ्या ट्रकचं लॉक-रिंगचं चाक घरी खोलूच नका. हवा भरताना रिंग उडाली तर जीव जातो. ते काम हवा भरताना चाक ठेवायचा पिंजरा असलेल्या दुकानातच.