जुन्या स्कॅनरचे निर्लेखन करण्यापूर्वी

सुपारीच्या कोळेरोगावर लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात केलेले संशोधन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा छापील निबंधाच्या प्रती अनेक ग्रंथालयांत टिकून राहतात. प्रक्षेत्रावरील हस्तलिखित नोंदवहीची मात्र बहुधा एकच प्रत असते. शाई फिकट होण्यापूर्वी तिचे स्कॅनिंग होणे अगत्याचे आहे. बेंगळुरूला या कामाची परंपरा आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमाचे समन्वयन तेथील भारतीय विज्ञान संस्थेने केले. कृषी विद्यापीठांचे प्रबंधही आज ‘कृषिकोश’वर वाचावयास मिळतात.

या कामासाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला स्कॅनर संगणक बदलताच निकामी ठरवला जातो. वास्तविक त्याचा दिवा लागतो, काचेखालील पट्टी नीट सरकते. अडचण असते ती ड्रायव्हरची. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते आणि तिच्यात जुने ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत. उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढला नाही, तर धडधाकट यंत्र मुके होते.

यावर ‘सेन’ हा मुक्त स्रोत संच उपयोगी पडतो. लिनक्स असलेल्या साध्या संगणकावरही तो चालतो. त्याच्या संकेतस्थळावरील यादीत प्रत्येक प्रारूपाला किती पाठबळ आहे हे नमूद असते, म्हणून आपल्या स्कॅनरचा क्रमांक प्रथम तेथे पाहावा. असा एक संगणक कार्यालयाच्या जाळ्यात जोडला, तर इतर संगणकांवरूनही स्कॅन करता येते. काही स्कॅनरना मात्र सुरू होताना उत्पादकाची फर्मवेअर फाइल लागते आणि ती बहुधा जुन्या सीडीतच असते. ती सीडी कपाट आवरताना टाकू नये. विंडोजवरच काम करावयाचे असल्यास ‘व्ह्यूस्कॅन’ हे सशुल्क सॉफ्टवेअर अनेक जुन्या यंत्रांसाठी स्वतःचे ड्रायव्हर पुरवते. खरेदीपूर्वी त्याची चाचणी आवृत्ती वापरून पाहावी. ‘नॅप्स२’ विनामूल्य व सुटसुटीत आहे, परंतु विंडोजवर ते उपलब्ध ड्रायव्हरवरच अवलंबून असते. नसलेला ड्रायव्हर ते निर्माण करू शकत नाही. जुनी विंडोज असलेला संगणक केवळ स्कॅनरसाठी राखून ठेवण्याची पद्धतही दिसते. तसे केल्यास तो इंटरनेटला जोडू नये.

इतका खटाटोप कशासाठी, नवा स्वस्त स्कॅनर का घेऊ नये, असे कोणी विचारील. सुट्या कागदांसाठी अवश्य घ्यावा. परंतु अनेक स्वस्त, सपाट स्कॅनरमध्ये सीआयएस संवेदक असतो आणि काचेला न टेकलेला भाग त्याला धूसर दिसतो. जुन्या यंत्रांतील सीसीडी संवेदकाची नाभीय खोली अधिक असते. जाड बांधणीच्या नोंदवहीत शिवणीजवळचे आकडे वाचावयाचे असतील, किंवा हर्बेरियम पत्रावर वनस्पतीचे खोड उंच आलेले असेल, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. शिवणीतला एक आकडा चुकला तर त्या वर्षाचे उत्पादन चुकते.

सॉफ्टवेअरने झिजलेले रबरी रोलर वा मंदावलेला दिवा सुधारत नाही. पानांवरील रोगलक्षणांचे रंग नोंदवावयाचे असल्यास प्रमाणित रंगपट्टी सोबत ठेवून स्कॅन करावे. रंग जुळेनासे झाले की ते यंत्र केवळ मजकुरासाठी वापरावे. तेही शक्य नसेल तर निर्लेखन करून ते नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे.