पट्टी, रंग आणि खरा काटा



हंगाम संपता संपता कारखाना कार्यस्थळावर आरोग्य तपासणी शिबिर भरले होते. 'शिबिरास उत्तम प्रतिसाद लाभला' अशी चार ओळींची बातमी देऊन आम्हांला मोकळे होता आले असते. परंतु त्या दिवशी मंडपात जे डोळ्यांनी पाहिले ते सभासदांपासून लपविणे बरे नव्हे, म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहोत. शेवटी एक विनंती आहे, ती कृपया वाचल्याशिवाय अंक खाली ठेवू नये.

लघवी तपासणीची दोन टेबले मांडली होती. दोन्हीकडे तपासणीची पट्टी एकाच बनावटीची. पहिल्या टेबलावर पट्टी नमुन्यात बुडवायची, बाहेर काढायची आणि बाटलीवर छापलेल्या रंगांशी डोळ्यांनी ताडून पाहायची. दुसऱ्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र होते. त्याच्या ताटलीवर पट्टी ठेवली की ती आत जाई आणि मिनिट-दोन मिनिटांत छापील चिठ्ठी बाहेर येई. यंत्र एकच आणि गर्दी फार, म्हणून निम्मे लोक पहिल्या टेबलाकडे वळवले होते.

आपले एक जुने सभासद पहिल्या टेबलावरून 'साखर नाही' असे ऐकून आनंदाने निघाले. "आवं, साखर रानात पिकती, अंगात कशाला येईल?" असे म्हणून त्यांनी आम्हांलाही हसवले. पुढे डॉक्टरांनी त्यांचा पाय पाहिला. अंगठ्याजवळ दोन महिने न भरलेली जखम होती. डॉक्टरांनी त्याच बाटलीतला नमुना दुसऱ्या टेबलावर पाठवला. चिठ्ठी आली: साखर दोन अधिक, प्रथिन एक अधिक.

सभासद आमच्याकडे वळून म्हणाले, "एकाच मालाची दोन काट्यांवर दोन वजनं कशी वो? ह्यातला खरा काटा कुठला?"

प्रश्न उसाचा असता तर आपण सगळ्यांनी सभा डोक्यावर घेतली असती. हा तर माणसाच्या पायाचा आणि किडनीचा प्रश्न. म्हणून आम्ही डॉक्टरांकडून व आपल्या प्रयोगशाळेतील केमिस्ट मंडळींकडून नीट समजून घेतले. ते असे.

पट्टी आली कोठून

पूर्वी लघवीतील साखर पाहण्यासाठी परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात नमुना घालून उकळत. साखर असेल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल होई. १९४१ साली अमेरिकेतील माइल्स कंपनीने गोळी काढली. नळीत नमुन्याचे थेंब टाकून गोळी सोडली की ती स्वतःच्याच उष्णतेने उकळी आणी. त्याच कंपनीत अल्फ्रेड फ्री आणि हेलन फ्री हे रसायनशास्त्रज्ञ दांपत्य काम करी. त्यांनी १९५६ साली 'क्लिनिस्टिक्स' ही कागदी पट्टी आणली. बुडवा आणि वाचा. नळी नको, आच नको. हेलनबाई २०२१ साली वारल्या, पण त्यांची पट्टी आज खेडोपाडी पोहोचली आहे.

पट्टीच्या टोकावर दोन विकरे मुरवलेली असतात. पहिले विकर फक्त ग्लुकोज ओळखते, दुसरे रंग उमटवते. आपली गोणीतली साखर म्हणजे सुक्रोज. तिला ही पट्टी ओळखत नाही. आपल्या केमिस्टनी ते आमच्यासमोर करून दाखविले. साखरेच्या ताज्या पाण्यात पट्टी जशीच्या तशी राहिली, ग्लुकोज पावडरीच्या पाण्यात रंग बदलला. तेव्हा साखर एका नावाची असली तरी रानातली वेगळी आणि लघवीतली वेगळी, हे ध्यानात घ्यावे.

डोळा कोठे चुकतो

हल्लीच्या पट्टीवर दहा-दहा चौकोन असतात: साखर, प्रथिन, रक्त, आम्लता वगैरे. प्रत्येक चौकोनाची वेळ वेगळी. नेहमीच्या एका दहा चौकोनी पट्टीवर साखर ३० सेकंदांनी, प्रथिन ६० सेकंदांनी आणि पांढऱ्या पेशी २ मिनिटांनी वाचायच्या असतात. आधी वाचले तर रंग पुरता चढलेला नसतो, उशिरा वाचले तर भलताच होतो. समोर शंभर माणसांची रांग, मागून ढकलाढकली. अशा वेळी सेकंद कोण मोजणार? पहिल्या टेबलावर घड्याळच नव्हते.

दुसरी गोष्ट उजेडाची. मंडपाला निळे कापड होते. त्या पट्टीवर साखर नसली तर चौकोन निळसर-हिरवा राहतो, साखर वाढेल तसा हिरवट आणि मग तपकिरी होतो. निळ्या कापडाखालच्या निळ्या उजेडात हलका हिरवट रंग निळसर दिसणारच. म्हणजे मंडपानेच निकाल 'साखर नाही'कडे झुकवला म्हणा ना! हे कापड कोणी ठरवले होते? आम्हीच. उन्हाचा त्रास नको आणि फोटो चांगले यावेत म्हणून. चूक झाली ती कबूल केली पाहिजे.

तिसरी गोष्ट पाहणाऱ्याची. काही पुरुषांना जन्मतःच तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, आणि कित्येकांना ते ठाऊकही नसते. शिवाय मधुमेह डोळ्यांवरच घाला घालतो. घरी पट्टी वाचणारा रोगी स्वतःच रंग चुकतो, असा हा तिढा आहे.

यंत्र आधी काय पाहते

आपल्या वजनकाट्यावर गाडी चढण्याआधी काटा शून्यावर आणतात आणि खाली केलेली गाडी पुन्हा वजन करून वजावट काढतात. यंत्राचेही तसेच. ते आधी आपल्याजवळच्या एका पांढऱ्या तुकड्यावर उजेड टाकून पाहते. हा त्याचा काट्याचा शून्य. मग ठरावीक रंगांचा उजेड एकेका चौकोनावर टाकते. रंग जितका गडद, तितका उजेड शोषला जातो आणि तितका कमी परत येतो. परतलेल्या उजेडाची पांढऱ्या तुकड्याशी तुलना करून यंत्र प्रत ठरवते. बाहेर मंडप निळा असो की पिवळा, आत उजेड त्याचा स्वतःचा. आणि घड्याळही स्वतःचे, प्रत्येक चौकोनाला वेगळे.

आम्हांला विशेष वाटले ते पुढेच. रंग वाचण्याआधी यंत्राला पट्टी सापडावी लागते. ताटली रिकामी आहे की पट्टी ठेवली आहे? ती सरळ पडली आहे की तिरकी? रिकाम्या ताटलीवरून, कोऱ्या प्लास्टिकवरून आणि भिजलेल्या चौकोनावरून परतणारा उजेड निरनिराळा असतो. त्यावरूनच हे ओळखले जाते. पट्टी थोडी सरकली तरी यंत्र चौकोनाऐवजी त्याची कड वाचील आणि आकडा चुकेल. काही पट्ट्यांवर ओळखीच्या रंगरेषा असतात, त्यावरून पट्टी कोणत्या जातीची हे यंत्र जाणते. काही यंत्रे पट्टीला हवेतील ओल लागली आहे काय हेही तपासतात. मोठ्या इस्पितळांतील काही यंत्रांत पट्ट्या एकत्र ओततात आणि कोणती पालथी, कोणती उताणी हे यंत्रच पाहून नीट मांडते. लघवीचाच रंग औषधाने नारिंगी झाला असेल तर तो वजा करण्यासाठी काही पट्ट्यांवर एक कोरा चौकोन ठेवलेला असतो. हीसुद्धा एक वजावटच की!

शिबिरात एकदा मदतनीस मुलाने घाईत पट्टी पालथी ठेवली. यंत्राने आकडा दिलाच नाही, चूक दाखवून थांबले. "रुसलं का काय?" असे म्हणून मंडळी हसली. आम्हांला मात्र तेव्हा यंत्राचा मोठेपणा कळला. दिसले नाही तर 'दिसले नाही' म्हणायचे, अंदाजाने आकडा द्यायचा नाही. पहिल्या टेबलावरच्या माणसाला ते म्हणता आले नाही. रांग थांबेल म्हणून त्याने जे दिसले ते सांगितले.

रक्ताच्या पट्टीची गोष्ट

ही अक्कल यंत्राला एका दिवसात आली नाही. १९६०च्या दशकात रक्तातील साखरेची पट्टी निघाली. थेंब टाकून बरोबर एक मिनिट थांबायचे, मग पाण्याने धुऊन रंग पाहायचा. १९७०च्या सुमारास अँटन क्लेमेन्स यांचे, त्या पट्टीचा परतणारा उजेड मोजणारे यंत्र बाजारात आले. वजन किलोभराहून जास्त, आणि विक्री फक्त डॉक्टरांना व इस्पितळांना. रिचर्ड बर्नस्टाईन नावाच्या मधुमेही इंजिनिअरला ते हवे होते, पण ते डॉक्टर नव्हते. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, त्यांच्या नावावर यंत्र मागविले. घरच्या घरी साखर मोजून आहार व इन्शुलिन बसवता येते हे त्यांनी स्वतःवर सिद्ध केले आणि पुढे चाळिशी उलटल्यावर शिकून ते स्वतः डॉक्टर झाले.

पण या यंत्रातही वेळ मोजणे आणि पट्टी धुणे माणसाच्याच हातात होते, आणि चुकाही तिथेच होत. १९८७ साली 'वन टच' नावाचे यंत्र आले. पट्टी आधी यंत्रात घालायची, थेंब मग. थेंब पोहोचल्याचे यंत्र उजेडावरून स्वतः ओळखी आणि घड्याळ स्वतः चालू करी. धुणे-पुसणे गेले. आजची घरगुती रक्तयंत्रे बहुतेक उजेडाऐवजी विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालतात. लघवीची पट्टी मात्र अजून रंगावर आणि उजेडावरच वाचली जाते.

यंत्राचे किती ऐकावे

यंत्र पट्टी वाचते, माणसाला वाचत नाही. शिळी पट्टी दिली तर ते शिळाच निकाल देईल. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखर घटते हे आपल्याला सांगायला नको. लघवीचा नमुना तासन्‌तास पडून राहिला तर जंतू त्यातील साखर खातात. नमुना ताजा हवा, बाटलीचे झाकण लगेच घट्ट लावलेले हवे, मुदत पाहिलेली हवी.

दुसरे असे की रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली तरच ती लघवीत उतरते. लघवीत नाही म्हणजे मधुमेह नाही, असे समजू नये. उलट हल्लीची काही औषधे मुद्दाम लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्यांच्या पट्टीवर रंग येणारच. म्हणून शेवटचा निवाडा रक्ताचा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा पुढे, आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच, तर मधुमेह धरतात. प्रथिनाचेही असेच. किडनीला लागलेली पहिली झळ साध्या पट्टीला दिसत नाही. मधुमेह्यांनी त्यासाठी वर्षातून एकदा वेगळी तपासणी करून घ्यावी.

आमची विनंती

त्या दिवशी पहिल्या टेबलावरून 'साखर नाही' असे ऐकून जे सभासद व तोडणी कामगार घरी गेले, त्या सर्वांनी रक्ताची तपासणी पुन्हा करून घ्यावी. नोंदवहीतील नावे गटवार काढून शेतकी गट कार्यालयात व चिटबॉयकडे दिली आहेत. गावी परतलेल्या तोडणी कामगारांना मुकादमांनी निरोप द्यावा. यादीत नाव आहे म्हणजे रोग आहे असे नव्हे. काटा चुकीचा होता, म्हणून वजन पुन्हा करायचे, इतकेच. पुढील शिबिरात मंडपाला पांढरे कापड, दोन्ही टेबलांवर घड्याळ आणि शक्य तर दोन यंत्रे ठेवावीत, असे आम्ही मा. संचालक मंडळास लेखी कळविले आहे.

ते जुने सभासद गेल्या आठवड्यात सवलतीची साखर न्यायला आले होते. औषध सुरू आहे, जखम भरत आली आहे. गोणी नातवाच्या खांद्यावर देत ते म्हणाले, "ही घरच्यांसाठी बरं का, माझी वजावट झाली." आणि जाता जाता, "त्या निळ्या मांडवाखालनं गेलेल्या बाकीच्यांस्नी कळवलं का न्हाई?"

त्यांना दिलेला शब्द म्हणून हा लेख.

आपले नम्र,
संपादक मंडळ