नॉर्फोकचे ड्यूक आणि संत फिलीप हॉवर्ड

दि. ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. इंग्लंडचा राजा हा अँग्लिकन चर्चचा सर्वोच्च प्रशासक असतो. अँग्लिकन उपासनाविधीनुसार पार पडलेल्या या सोहळ्याच्या व्यवस्थेची जबाबदारी मात्र एका कॅथलिक सरदारावर होती. ते म्हणजे नॉर्फोकचे अठरावे ड्यूक. राजदरबारातील 'अर्ल मार्शल' हे पद त्यांच्या घराण्याकडे १६७२ पासून वंशपरंपरेने चालत आले आहे. याच घराण्यातील एका पुरुषाने कॅथलिक श्रद्धेसाठी तुरुंगात देह ठेवला होता.

ड्यूक हा इंग्लंडमधील सरदारांचा सर्वोच्च दर्जा. नॉर्फोकचा हा किताब प्रथम १३९७ साली थॉमस मोब्रे यांना मिळाला. पुढे मोब्रे घराण्याला पुरुष वारस उरला नाही, तेव्हा तिसऱ्या रिचर्ड राजाने १४८३ साली तो जॉन हॉवर्ड यांना दिला. त्यांची आई मोब्रे घराण्यातील होती. दोनच वर्षांनी बॉसवर्थच्या रणांगणावर राजा आणि ड्यूक दोघेही मारले गेले आणि किताब गेला. जॉन यांच्या मुलाने फ्लॉडनची लढाई जिंकून तो १५१४ साली परत मिळवला.

तिसरे ड्यूक हे ॲन बोलीनचे मामा. आपल्या भाचीला देहदंड सुनावणाऱ्या न्यायसभेचे अध्यक्ष तेच होते. पुढे त्यांच्यावरही तीच वेळ आली. आठव्या हेन्रीचा जानेवारी १५४७ मध्ये ऐनवेळी मृत्यू झाला, म्हणून ते बचावले. त्यांचे नातू, चौथे ड्यूक, प्रॉटेस्टंट होते. तरीही स्कॉटलंडच्या मेरी राणीशी विवाह करण्याच्या आणि तिच्या बाजूने कट रचल्याच्या आरोपावरून १५७२ साली त्यांचा शिरच्छेद झाला. राजद्रोह सिद्ध झाला की गुन्हेगाराचा किताब तर जाईच, शिवाय त्याच्या वंशजांचा त्यावरील हक्कही नष्ट होई. अशा रीतीने नॉर्फोकची ड्यूकपदवी पुन्हा लयाला गेली.

चौथ्या ड्यूकचे थोरले चिरंजीव फिलीप यांना आजोळकडून अरुंडेलचे अर्लपद मिळाले. तारुण्यात त्यांनी एलिझाबेथ राणीच्या दरबारी ऐषारामात दिवस घालवले. १५८१ साली लंडनच्या टॉवरमध्ये येशूसंघीय फादर एडमंड कॅम्पियन यांचा प्रॉटेस्टंट पंडितांशी झालेला वादविवाद त्यांनी ऐकला. (मराठी 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स याच काळातील इंग्रज, ते १५७९ सालीच गोव्यात पोहोचले होते.) फिलीप यांच्या पत्नी ॲन यांनी आधीच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. फिलीप यांनी ती १५८४ साली स्वीकारली. पुढच्याच वर्षी देशाबाहेर निसटताना ते पकडले गेले आणि टॉवरमध्ये बंदिस्त झाले.

तेथे ते दहा वर्षे होते. स्पॅनिश आरमाराच्या विजयासाठी प्रार्थना केल्याचा आरोप ठेवून १५८९ साली त्यांना देहदंड सुनावण्यात आला, पण शिक्षा अमलात आली नाही. ती केव्हाही येऊ शकते, या टांगत्या तलवारीखाली ते जगले. अटकेनंतर जन्मलेला मुलगा त्यांनी कधीही पाहिला नाही. अखेरच्या आजारात त्यांनी पत्नी आणि मुलाची भेट मागितली. एकदाच प्रॉटेस्टंट उपासनेस हजर राहिल्यास भेटच नव्हे, तर मानमरातबही परत मिळेल, असा राणीचा निरोप आला. फिलीप यांनी नकार दिला. १९ ऑक्टोबर १५९५ रोजी वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते तुरुंगातच मरण पावले. इंग्लंड व वेल्समधील चाळीस रक्तसाक्ष्यांसमवेत पोप सहावे पॉल यांनी त्यांना १९७० साली संत म्हणून घोषित केले.

घराण्याचा पुढचा इतिहास मात्र सरळ रेषेत जात नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या मुलासाठी संत फिलीप झुरले, तो थॉमस अर्लपद परत मिळवून पुढे अँग्लिकन झाला. ड्यूकपदवी १६६० साली संत फिलीप यांच्या पणतूला मिळाली. त्या पणतूचे एक धाकटे बंधू, तेही फिलीप हॉवर्डच, डोमिनिकन धर्मगुरू होऊन १६७५ साली कार्डिनल झाले. १६७८ च्या कायद्याने कॅथलिकांना सरदारांच्या सभागृहाचे दरवाजे बंद झाले. सातव्या आणि अकराव्या ड्यूकने अँग्लिकन चर्च पत्करले. बाराव्यांनी तसे केले नाही. कॅथलिकांवरील निर्बंध १८२९ साली उठल्यावरच ते सभागृहात आपल्या जागी बसले.

पंधराव्या ड्यूकनी अरुंडेल येथे भव्य चर्च बांधले. आज ते कॅथेड्रल असून पवित्र मरिया आणि संत फिलीप हॉवर्ड यांच्या नावे आहे. त्याच ड्यूकना संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ साली सदसद्विवेकबुद्धीविषयीचे आपले प्रसिद्ध पत्र लिहिले होते.

किताब कोणाकडे जावा हे आजही पुरुषवंशावरच ठरते. सोळाव्या ड्यूकना चार मुली होत्या. १९७५ साली ते वारले, तेव्हा ड्यूकपदवी एका दूरच्या भाऊबंदाकडे गेली. त्यांच्या आजीकडून आलेले नव्हे, तर आईकडून आलेले हेरीस हे स्कॉटिश सरदारपद मात्र स्त्रियांनाही मिळू शकत असल्याने थोरल्या मुलीकडे गेले. अरुंडेलमध्ये या घराण्याच्या दफनाची जागा फिट्झॅलन चॅपेल आहे. एकाच छपराखाली पश्चिमेकडे अँग्लिकन पॅरिश चर्च आहे आणि पूर्वेकडे हे कॅथलिक चॅपेल. दोहोंमध्ये लोखंडी जाळी आणि काच आहे.