नादारी आणि शेतकऱ्याची पत

शेतकऱ्याच्या भांडवलात जमीन, बैल, अवजारे व बी-बियाणे यांची गणना नेहमी होते. परंतु त्याची पत हेही एक भांडवलच होय, याकडे सहसा लक्ष जात नाही. पेरणीच्या वेळी हाती पैसा नसतो आणि पीक घरात येण्यास काही महिने लागतात. या मधल्या काळात शेतकऱ्यास तारून नेते ती त्याची पत. म्हणूनच कर्जाचा भार असह्य झाला असता "नादारीचा अर्ज केला की सारे फिटले" असा सल्ला कोणी दिला, तर तो नीट पारखून घेणे अगत्याचे आहे.

नादारीचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले व तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची पद्धत त्याने बंद केली, कर्जाच्या मूळ हिशेबात शिरण्याचा अधिकार न्यायालयास दिला आणि शेतकऱ्यास नादार ठरवून घेण्याची सोयही केली. परंतु सावकारांनी हात आखडता घेतला आणि पुष्कळ ठिकाणी ते गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कायदा ऋणकोस संरक्षण देऊ शकतो. धनकोच्या मनातील विश्वास मात्र कायद्याने उत्पन्न होत नाही, हा त्या अनुभवाचा बोध होय.

नादारीने काय सुटते, काय सुटत नाही

सामान्य व्यक्तीच्या नादारीस महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. १९२० च्या कायद्याप्रमाणे कर्ज फेडण्यास असमर्थ असलेल्या व ५०० रुपये किंवा अधिक देणे असलेल्या ऋणकोस न्यायालयाकडे अर्ज करता येतो. न्यायालयाने नादार ठरविल्यावर त्याची मालमत्ता न्यायालयाच्या वा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते व तिचे उत्पन्न धनकोंमध्ये वाटले जाते. मात्र शेतीवर उपजीविका करण्यास न्यायालयाच्या मते आवश्यक असलेली अवजारे, जनावरे व बियाणे यांना दिवाणी कायद्याने जप्तीपासून संरक्षण आहे.

पुढील चार गोष्टी शेतकऱ्याने पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जमीन तारण असल्यास त्या तारणावर वसुली करण्याचा धनकोचा हक्क नादारीने नष्ट होत नाही. सातबारावरील बोजा आपोआप उतरत नाही. दुसरी, सरकारी देणे आणि लबाडीने केलेले कर्ज यांतून मुक्तता मिळत नाही. तिसरी, नादार मुक्त झाला तरी त्याचा जामीन मुक्त होत नाही. वसुलीचा तगादा त्या शेजाऱ्याच्या वा भावाच्या दारी जातो. चौथी, न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी अर्ज न केल्यास नादारीचा हुकूम रद्द होतो व मिळालेले संरक्षण संपते.

शिवाय मुक्ततेचा हुकूम होण्यापूर्वी आपली नादारी न सांगता ५० रुपये वा अधिक उसने घेणे हा गुन्हा असून, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पतीची वही

पूर्वी शेतकऱ्याची पत गावाच्या तोंडी असे. आता तिची लेखी नोंद होते. २००५ च्या कायद्याखाली काम करणाऱ्या पतमाहिती कंपन्यांकडे बँका व वित्तसंस्था प्रत्येक कर्जखात्याची माहिती पाठवितात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान पतगुणांक काढला जातो. हप्ता किती दिवस थकला, दावा झाला काय, कर्ज निर्लेखित झाले काय, हे सारे तेथे दिसते आणि ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते. म्हणजे नादारीचा अर्ज न्यायालयात जाण्यापूर्वीच थकबाकीने पतीस धक्का दिलेला असतो; नादारी त्यावर शिक्का मारते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. 'निर्लेखित' म्हणजे माफ नव्हे. बँकेने आपल्या हिशेबापुरते ते कर्ज बाजूस काढलेले असते, वसुलीचा हक्क कायम राहतो. तसेच तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटविल्यास 'तडजोड' अशी नोंद राहते. तिची किंमत पूर्ण फेडीइतकी नसते. तरीही नादारीपेक्षा तडजोड पुष्कळ बरी.

आधी काय करावे

पीक बुडाल्यास वसुलीची नोटीस येईपर्यंत वाट पाहू नये. पंचनामा होताच बँक शाखेत वा सोसायटीच्या सचिवाकडे जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची लेखी मागणी करावी व पोच घ्यावी. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून पाहावा. फेडलेले कर्ज थकीत दाखविले असल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला आहे. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेऊन सातबारावरील बोजा उतरवून घ्यावा.

बँकेचे दार बंद झाले की शेतकरी विनापरवाना सावकाराकडे वळतो, हा खरा धोका आहे. अशा सावकाराने बळकाविलेली जमीन परत मिळविण्यासाठी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

नादारी हा सर्व मार्ग खुंटल्यावरचा उपाय आहे आणि ज्यास खरोखर दुसरी वाट नाही, त्याने तो घेण्यात लाज मानू नये. तथापि त्या टोकास जाण्यापूर्वी तालुक्याच्या विधी सेवा समितीचा सल्ला अवश्य घ्यावा. गावोगावच्या कार्यकर्त्यांनीही थकबाकीदाराच्या घरी पहिल्या हप्त्याच्या वेळीच जावे. त्या वेळी चार गोष्टी सांगण्यास अवधी असतो. जप्तीच्या दिवशी तो उरत नाही.