मंद गतीला मोटारसायकल का अडखळते?

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळाभर व्हरांड्यात उभी असलेली मोटारसायकल तेव्हा बाहेर निघते. चार-सहा किका मारल्यावर ती सुरू होते, वर्धा रोडवर वेगात छान धावते. पण सीताबर्डीच्या सिग्नलला थांबले की अडखळते आणि बंद पडते. मिस्त्री म्हणतो, ‘गाडी मिसिंग करते.’ मग प्लग बदलला जातो, नंतर कॉइल, शेवटी कार्बोरेटर. कधी दोष जातो, कधी जात नाही. गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि खर्च मात्र झालेला असतो.

दोष शोधणे म्हणजे भाग बदलत बसणे नव्हे. ‘वेगात चांगली, मंद गतीला वाईट’ ही तक्रारच आपल्याला बरीच माहिती देत असते. ती कशी, हे पाहू या.

मंद गतीचीच परीक्षा कठीण का?

चार फटक्यांच्या, एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. समजा, उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्या करते. म्हणजे मिनिटाला ७०० स्फोट, सेकंदाला सुमारे १२. एका स्फोटापासून दुसऱ्यापर्यंतचे तीन फटके जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आपल्या साठवलेल्या ऊर्जेवर पार पाडते. फिरत्या चाकाची ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेऱ्या ५६०० झाल्या, म्हणजे चौपट झाल्या, तर ऊर्जा सोळापट होते. म्हणून वेगात असताना एखादा स्फोट हुकला तरी जाणवत नाही. मंद गतीला मात्र गाठीशी शिल्लकच थोडी असते. एक स्फोट हुकला की इंजिन कचरते, दोन-तीन हुकले की बंद पडते.

शिवाय मंद गतीला सिलिंडरात येणारे ताजे मिश्रण थोडे असते आणि मागच्या स्फोटाचा उरलेला धूर त्यात मिसळलेला असतो. असे मिश्रण पेटायला अवघडच. त्यामुळे हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा दाब यांतली लहानशी उणीवही आधी मंद गतीलाच उघडी पडते.

पहिला प्रश्न : दोष इंजिनाचा की गाडीचा?

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या जागी उभी करावी. पाच मिनिटे चालवून इंजिन गरम होऊ द्यावे. उभ्या गाडीतही ते अडखळत असेल तर दोष इंजिनाचा. उभी असताना ठीक आणि रस्त्यावर हळू चालवतानाच हिसके देत असेल, तर सैल चेन, नीट न सुटणारा क्लच किंवा वरच्या गियरमध्ये हळू चालवण्याची आपली सवय, यांच्याकडे पाहावे. एवढ्या एका चाचणीने निम्मी कारणे बाजूला पडतात.

चोक काय सांगतो?

एक्सिलरेटर सोडला की कार्बोरेटरची मोठी वाट जवळजवळ बंद होते. मंद गतीला लागणारे पेट्रोल ‘पायलट जेट’ या वेगळ्या, बारीक छिद्रातून येते. त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरातले पेट्रोल उन्हाळ्यात उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. ०.४० मिलिमीटरचे छिद्र ०.३० झाले, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटून जेमतेम ५६ टक्के उरते. वेगात धावताना पेट्रोल मुख्य जेटमधून येते, म्हणून तेव्हा काहीच बिघडलेले दिसत नाही.

हेच लक्षण आणखी एका कारणाने दिसते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या जोडाला चीर पडली, तर तिथून जादा हवा आत शिरते. मंद गतीला वाट बंद असल्यामुळे या जोडातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो. चिरेतून हवा जोराने ओढली जाते आणि एकूण थोड्या हवेत तिचा वाटा मोठा ठरतो. एक्सिलरेटर पूर्ण पिळला की दाबातला फरक कमी होतो, मुख्य वाटेने भरपूर हवा येते, आणि तीच चीर नगण्य ठरते.

आता गरम इंजिनाचा चोक थोडासा ओढावा. अडखळणे कमी झाले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते : एक तर जेट तुंबले आहे किंवा हवा गळते आहे. अडखळणे वाढले, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. मग तुंबलेला एअर फिल्टर किंवा कार्बोरेटरातल्या पेट्रोलची वाढलेली पातळी तपासावी.

जेट की चीर, हे ठरवायला चालू इंजिनाच्या त्या जोडावर पाण्याचे चार थेंब सोडावेत. क्षणभर आवाज बदलला, तर चीर तिथेच. या कामासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. गरम इंजिनावर आग लागू शकते. आवाज बदलला नाही आणि मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही काही फरक पडत नाही, तर जेट तुंबले असण्याची शक्यता जास्त. ते साफ करायला कार्बोरेटर बदलावा लागत नाही.

ठिणगी आणि दाब

ठिणगी अपुरी असेल, तर दोष सहसा मंद गतीपुरता राहत नाही. चढावर, जोर लावताना सिलिंडरातला दाब वाढतो आणि दाट हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. तेव्हाही गाडी अडखळते. पावसाळ्यात प्लगच्या टोपीत ओल शिरली असेल, तर अंधारात तिच्याभोवती निळसर ठिणग्या दिसतात. त्या दुरूनच पाहाव्यात, तारेला हात लावू नये. प्लगचे टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, असा सर्वसाधारण अंदाज बांधता येतो.

झडप पूर्ण बसत नसेल तर दाब गळतो. १४०० फेऱ्यांना दाबाचा फटका सुमारे २१ मिलिसेकंद चालतो, ५६०० फेऱ्यांना फक्त पाच. गळायला जितका वेळ जास्त, तितकी गळती जास्त. म्हणून टॅपेटची फट चुकली तरी त्रास आधी मंद गतीलाच होतो.

नव्या गाड्या, नवे पेट्रोल

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन फवाऱ्याने घेतली. तिथे पेट्रोलचे माप संवेदकांच्या आकड्यांवरून ठरते. संवेदक चुकला, तर हिशोब बरोबर असूनही उत्तर चुकते. नागपूरकरांनी हे अनुभवले आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. शहरातल्याच इतर काही केंद्रांवर ते ४४ अंशांच्या आसपास होते. दोष उन्हाचा नव्हता, संवेदकाचा होता. एक आकडा दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय मान्य करू नये, हा नियम इंजिनालाही लागू आहे.

२०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला ९ ग्रॅम, या मिश्रणाला साधारण १३.५ ग्रॅम. जेट तेच राहिले, तर जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळ होते. मात्र मंद गतीचे मिश्रण मुळात जरा दाट ठेवलेले असते, म्हणून प्रत्येक अडखळण्याचे खापर इथेनॉलवर फोडण्याआधी वरच्या चाचण्या कराव्यात.

‘रेस वाढवणे’ हा उपाय नव्हे

पुष्कळदा स्क्रू पिळून फेऱ्या वाढवून दिल्या जातात. गाडी बंद पडत नाही, पण दोष तसाच राहतो आणि प्रत्येक सिग्नलला पेट्रोल वाया जाते. पीयूसी तपासणीत दुचाकीचा धूर मंद गतीलाच मोजतात, कारण बिघडलेले इंजिन तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल जास्त सोडू शकते. चौकात मागे उभा असलेला सायकलवाला विद्यार्थी तेच श्वासात घेत असतो.

वर्गात हा विषय घेताना फळ्यावर तीन रकाने आखावेत : कारण, ते खरे असेल तर काय दिसेल, आणि प्रत्यक्षात काय दिसले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम लिहावा, मगच पुढे जावे. प्लग आणि जेट एकदमच बदलले, तर गाडी सुधारेल, पण आपल्या ज्ञानात भर पडणार नाही. ज्या विद्यार्थ्याने हा तक्ता एकदा स्वतः भरला, त्याला ‘प्रयोगात एकच चल बदलावा’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही.