पिल्लाचा श्वास का अडखळतो?

घरात तान्हे बाळ असेल तर ते झोपले असताना त्याच्या पोटाकडे पाहा. भरभर हलणारे पोट मध्येच चार-पाच सेकंद थांबते आणि पुन्हा हलू लागते. यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांत हा विराम २० सेकंदांहून अधिक लांबू शकतो. बाळ निळे पडते, हृदयाचे ठोके मंदावतात. असे विराम एकाएकी वाढले, तर डॉक्टर प्रथम जंतुसंसर्गाची शंका घेतात. फुप्फुसे निरोगी असली तरीही! हे कसे?

श्वासाचा ताल लंबमज्जेतील चेतापेशींचा एक लहानसा समूह ठरवतो. संसर्ग झाला की शरीरात दाह सुरू होतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे प्रथिन रक्तात येते. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत असते. हे प्रथिन ती सहजी ओलांडत नाही. मग निरोप पलीकडे पोचवतो कोण?

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली याचे उत्तर नवजात उंदरांत शोधले. भिंतीच्या पेशींतच एक विकर जागे होते व प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा लहानसा स्निग्ध रेणू तयार करते. (आपल्याला ताप चढतो तोही याच रेणूमुळे.) तो लंबमज्जेत पोचून श्वासाचा ताल मंदावतो.

आता, एवढ्याशा पिल्लाचा श्वास मोजायचा कसा? मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, म्हणून मला याचीच मौज अधिक. पिल्लू बंद डबीत ठेवतात. तुम्ही म्हणाल, हवा डबीतून छातीत गेली, एकूण हवा तेवढीच. दाब बदलेल कशाला? पण आत गेलेली हवा अंगाच्या उष्णतेने तापते, तिच्यात बाष्प मिसळते, आणि दाब किंचित वाढतो. उच्छ्‌वासाबरोबर तो उतरतो. ड्रॉरबॉ व फेन यांनी १९५५ मध्ये ही युक्ती मानवी बाळांसाठीच वापरली होती. मात्र पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून डबी गरम ठेवावी लागते. आणि डबी जितकी गरम तितका दाबातला फरक कमी. असे का, ते वर्गात चर्चा करून ठरवा.

प्राणवायू तुटला की नवजात पिल्लू आचके देत श्वास घेते आणि हवा मिळताच सावरते. इंटरल्यूकिन टोचलेल्या पिल्लांची ही सावरण्याची शक्ती घटली. ज्यांच्यात ते विकर बनवणारे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्यावर मात्र इंटरल्यूकिनचा असा परिणाम झाला नाही. मानवी बाळांतही मेंदूभोवतीच्या द्रवात प्रोस्टाग्लँडिन जास्त, तिथे श्वासविराम अधिक, असे आढळले.

खरे तर याची एक खूण रुग्णालयांत आधीपासूनच दिसत होती. हृदयाचे काही जन्मजात दोष असलेल्या बाळांना, हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून, प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे औषध देतात. ते सुरू करताना डॉक्टर कृत्रिम श्वासाचे यंत्र हाताशी ठेवतात.